गाढवाचा डावा खूर

सकाळची गडबड नेहमीसारखीच होती. गॅसवर दूध, मशीनमध्ये कपडे, खिडकीपाशी सासूबाई कालचंच वर्तमानपत्र आजचं समजून वाचत बसलेल्या, आणि हॉलच्या मधोमध, पायजम्यात, हात आणि गुडघे फरशीला टेकून घरचे कर्ते पुरुष गाढव झालेले.

"मागचा डावा, पुढचा डावा," ते स्वतःशी पुटपुटत होते. "मागचा उजवा, पुढचा उजवा. मान खाली. मान वर."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन त्यांना ओलांडून पलीकडे गेल्या. संसाराला इतकी वर्षं झाली की नवऱ्याला ओलांडताना कपातला चहा हिंदकळत नाही. गेल्या महिन्यात ते बदक होते. त्याआधी एका लंगड्या राक्षसापायी त्यांनी जिन्याचा कठडा खिळखिळा केला होता आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना तोंड द्यायला वहिनींना पाठवलं होतं. त्या मानाने गाढव हे गरीब प्रकरण होतं.

"लहानपणी हा कधी रांगला नाही," सासूबाई पान उलटत म्हणाल्या. "एकदम उभाच राहिला. मला वाटलं, हुशार आहे. आता भरपाई चाललीय."

"आई, गाढव चालताना आधी मागचा पाय उचलतं, हे तुला ठाऊक होतं का?"

"मला घरात एकच गाढव ठाऊक आहे, आणि ते चहा गार करतंय."

तेवढ्यात दारावर थाप पडली. थाप कसली, लाथच. तीही पार खालच्या बाजूला.

"दादा आले," गाढव जागचं न हलता म्हणालं. "डाव्या पायाने मारली. उजवा घोटा दुखावल्यापासून ते तो जपून वापरतात."

वहिनींनी दार उघडलं, तर खरंच दादा. घामाघूम, आणि दोन्ही हातांत चादरीत गुंडाळलेलं काहीतरी, तान्ह्या बाळासारखं छातीशी धरलेलं. मागे ऑफिसातली पोर, चिमणी, तिच्या बगलेत मोठा स्क्रीन आणि गळ्यात वायरींचे हार.

"वहिनी, ऑफिसच्या इमारतीत वीज नाही," दादा दम खात म्हणाले. "दुपारपर्यंत येत नाही म्हणतात. आणि दुपारी तर सिनेमावाल्यांचा फोन. तुमचं जेवणाचं टेबल आजच्या दिवस आमचं."

"चादर कुठली आणलीत?"

"बायकोची."

"तिला माहितेय?"

दादांनी चादर आणखी घट्ट धरली. दादांचा संसारही जुना होता.

इथे थोडं सांगायला हवं. ज्यांना सगळे हाडवैद्य म्हणत, त्या वहिनींच्या यजमानांनी खऱ्या माणसाचं हाड कधी बसवलेलं नव्हतं. दादांच्या छोट्या स्टुडिओत गेमसाठी आणि सिनेमासाठी कॉम्प्युटरवर पात्रं बनत. चिमणी ती पात्रं घडवायची: नाक, पोट, शेपटी, कातडी. पण चिमणीच्या हातून आलेलं पात्र म्हणजे दुकानातल्या काचेमागचा पुतळा. देखणं, पण जागचं हलेल तर शपथ. त्याच्या आत सांगाडा घालायचा, कुठल्या सांध्याने किती वाकायचं, पाय उचलला की पोटाचं कातडं कुठे ओढलं जाईल, हे सगळं ठरवायचं काम हाडवैद्यांचं. चित्र मात्र त्यांना काढता येत नसे. त्यांनी काढलेलं गाढव बघून सासूबाईंनी एकदा विचारलं होतं, हे टेबल कुणाकडे बघून हसतंय.

काम डोक्यातून उतरत नसल्यामुळे ते जगाकडे सांध्यांनी बघत. बस स्टॉपवर उभे राहिले की कोण कुठल्या टाचेवर झुकतं हे मोजत. बाल्कनीतून खालच्या माणसाचं टक्कलसुद्धा दिसत नसताना नुसत्या चालीवरून सांगत, पोस्टमन आज बदली आलाय. आणि एखादी वस्तू नीट बघायची झाली, मग तो बाजारातला भोपळा का असेना, की त्यांचा डावा अंगठा आपोआप खाली दाबला जाई. कारण ज्या सॉफ्टवेअरवर त्यांचा जन्म गेला, त्यात समोरची वस्तू फिरवून बघायची तर डाव्या अंगठ्याखालची कळ दाबून धरायची आणि माउस हलवायचा. भोपळेवाल्याला वाटे, गिऱ्हाइकाला काहीतरी आजार आहे.

त्या सॉफ्टवेअरला ऑफिसात थोरलं म्हणत. आणि भांडण नेमकं तिथेच होतं, कारण आता धाकटं आलं होतं.

थोरल्याचं दर वर्षी भाडं भरावं लागे, तेही माणशी. मोठे सिनेमावाले सगळे थोरल्यावरच वाढलेले, त्यामुळे त्याचा दरारा होता. धाकटं फुकट होतं. फुकट म्हणून हाडवैद्य आधी त्याला हसले. पण दोन-चार वर्षांत ते असं अंगाने भरलं की हसणं थांबलं. मधल्या काळात इतरही स्थळं बघून झाली होती. एक होतं, ते मातीकामाला अप्रतिम. पण त्यात गाढव घडायचं, चालायचं नाही. दुसऱ्यात चालायचं, पण अंगावर केस उगवायचे नाहीत. तिसऱ्याने तर प्रत्येक वेळी बंद पडताना इतकी नम्र माफी मागितली, की रागावायचीही सोय नव्हती.

आता काम आलं होतं गाढवाचं. एकच गाढव सिनेमातही आणि गेममध्येही. सिनेमातल्या गाढवाचं एकेक चित्र कॉम्प्युटरने रात्रभर शिजवलं तरी चालतं. गेममधलं गाढव मात्र मुलाने बटण दाबल्याबरोबर वळलं पाहिजे. ते विचार करत थांबलं तर मूल दुसरा गेम लावतं. काम मोठं, म्हणून दादांना आणखी हात हवे होते, आणि नवी येणारी पोरं सगळी धाकट्यावर शिकलेली. सिनेमावाल्यांची अट एवढीच: कशात करायचं ते तुम्ही ठरवा, पण मधेच बदलू नका. आज दुपारी सांगा.

हाडवैद्यांचं म्हणणं थोरलं. चिमणीचं म्हणणं धाकटं. दादांचं म्हणणं, दोघंही बरोबर आहात. आणि दादा असं म्हणाले की समजावं, त्यांना रात्री झोप लागलेली नाही.

वहिनींना मात्र ठाऊक होतं, हे भांडण सॉफ्टवेअरचं नाही. हाडवैद्य पूर्वी एका मोठ्या कंपनीत होते. तिथे शेजारच्या टेबलावर त्यांचे गुरू बसत. त्यांच्या हातचा घोडा दौडताना बघायला वरच्या मजल्यावरून लोक येत. कंपनीने एके दिवशी सॉफ्टवेअर बदललं. गुरूंना शिकाऊ मुलांच्या वर्गात बसवलं, मागच्या बाकावर. घोड्याला नुसतं उभं करण्यात त्यांचा आठवडा गेला, आणि मुलं हसली नाहीत, उलट मदत करायला लागली. पुढच्या महिन्यात गुरू यायचे बंद झाले. ही गोष्ट हाडवैद्यांनी वहिनींना एकदाच सांगितली होती, भांडी पुसता पुसता, एकच पातेलं पुन्हा पुन्हा पुसत.

वहिनींना ती समजली होती, कारण मागे घरात नवी शेगडी आली तेव्हा तिची बटणं उलट्या बाजूला होती. कित्येक दिवस त्या डावा बर्नर पेटवायला जात आणि उजवा भडके. दूध ओतू गेलं, कढई करपली. डोक्याला सगळं कळत होतं. हाताला कोण सांगणार?

टेबलावरचे वाटाणे बाजूला सारून चादरीतला एक आणि घरातला एक असे दोन कॉम्प्युटर मांडले गेले. एकावर थोरलं, एकावर धाकटं. वहिनी वाटाण्यांची परात मांडीवर घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसल्या. सोलायचेही होते आणि बघायचंही होतं. सासूबाईंनी खुर्ची ओढून मधोमध जागा धरली.

"आता सरळ परीक्षा घेऊ," दादा म्हणाले. "निम्मं गाढव थोरल्यात झालेलंच आहे. ते आहे तसं, कातडीसकट, चालीसकट, धाकट्यात उतरलं, तर धाकटं. नाही उतरलं, तर थोरलं. पुन्हा कुणी कुरकुर करायची नाही. वैद्यबुवा, कबूल?"

"कबूल," हाडवैद्य म्हणाले. त्यांनी पायजम्यावर इस्त्रीचा शर्ट चढवला होता, वरच्या अंगाने ऑफिसात आणि खालच्या अंगाने घरात.

"काका, हरलात तर रुसायचं नाही," चिमणी म्हणाली.

"मी रुसत नाही. मी गप्प बसतो."

"तेच," वहिनी आणि सासूबाई एकदमच म्हणाल्या.

पहिल्या खेपेला गाढव आलं, पण पाठीवर पडलेलं, चारही पाय छताकडे. कातडी गळून पडलेली, नुसतं करडं अंग. थोरलं ज्याला वर म्हणतं, त्याला धाकटं पुढे म्हणतं, असं काहीसं चिमणीने समजावून सांगितलं.

"मेलं का ते?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही आजी. दोघांची दिशा वेगळी आहे."

"आमच्याकडे जावा-जावांत असंच होतं. त्यात कुणी मरत नव्हतं, खरं आहे."

चिमणीने गाढव उभं केलं, पण चालवल्यावर ते चारही पाय ताठ ठेवून पाटासारखं सरकलं. हाडवैद्यांनी चहाचा एक घोट जरा आवाज करून घेतला.

"या फाइलीतून चाल येत नाही," चिमणी म्हणाली. "थांबा, दुसऱ्या प्रकारची फाइल आहे, तिच्यातून सगळं येतं. मी कधी वापरली नाही, पण पोरं वापरतात."

दुसरी फाइल तयार झाली. चिमणीने ती धाकट्यात उघडली. स्क्रीन करडा झाला.

गाढव नाही, जमीन नाही. पावसाळी आभाळासारखा एकसारखा करडा रंग.

"येतंय, येतंय," दादा म्हणाले.

येत नव्हतं. चिमणीने कळा दाबल्या, माउसचं चाक फिरवलं. "आलंय तर खरं. यादीत नाव दिसतंय. बहुतेक बारीक झालंय. मुंगीएवढं. कुठेतरी मधोमध असेल." आणि ती मुंगीएवढं गाढव शोधायला आत शिरली. आणखी आत. आणखी आत. जितकं आत जावं तितकं करडंच.

"चष्मा देऊ का?" सासूबाईंनी विचारलं.

वाटाण्यांच्या शेंगा संपत आल्या. दादा बाल्कनीत जाऊन आले. फोनची वेळ जवळ येत होती, आणि चिमणीची नेहमीची चिवचिव बंद पडली होती. एवढी बोलकी पोर ओठ दाबून बसलेली वहिनींना बघवेना. धाकट्याची बाजू घेऊन तीच इतके दिवस भांडली होती. आता सगळ्यांसमोर तिच्याच हातात ते रिकामं निघालं होतं.

"राहू दे गं," दादा शेवटी म्हणाले. "नशिबात थोरलंच आहे. भाडं भरू. काय वैद्यबुवा?"

वहिनींनी नवऱ्याकडे बघितलं. जिंकलेला माणूस निदान पाठ तरी सैल सोडतो. हाडवैद्य ताठ बसून त्या करड्या स्क्रीनच्या एका कोपऱ्याकडे बघत होते. तिथे करड्यात करडी अशी एक वाकडी रेघ होती, केसाएवढी. वहिनींना ती स्क्रीनवरची धूळ वाटली होती. हाडवैद्यांचा डावा अंगठा टेबलाच्या कडेवर दाबला गेला, सुटला, पुन्हा दाबला गेला.

हा चेहरा वहिनींच्या ओळखीचा होता. भाच्यांशी पत्ते खेळताना हातात हुकूम असला आणि समोरचं पोर रडकुंडीला आलं, की हा चेहरा व्हायचा. तेव्हा तो हुकूम कधीच पडायचा नाही. मग पोरं जिंकून नाचायची आणि हे म्हणायचे, मला पत्ते कळत नाहीत.

पण तेव्हा हरल्यावर कुणी मागच्या बाकावर बसवत नव्हतं. वहिनी एक शेंग हातात धरून बसून राहिल्या.

हाडवैद्यांनी घसा खाकरला.

"ते बारीक नाही झालं," ते म्हणाले. "मोठं झालंय."

"म्हणजे?"

"तू गाढवाच्या बाहेर नाहीस, चिमणे. आत आहेस. पुढच्या डाव्या खुरात."

सगळे स्क्रीनकडे बघायला लागले. करडं आभाळ तसंच होतं.

"थोरलं सेंटिमीटरमध्ये मोजतं, धाकटं मीटरमध्ये," हाडवैद्य सावकाश म्हणाले. "रोजच्या फाइलीत माप आपोआप जुळतं. ही वेगळी फाइल. हिच्यात नुसता आकडा जातो. गाढव एकशेवीस सेंटिमीटर उंच. इथे आलं ते एकशेवीस मीटर. चाळीस मजली गाढव झालंय. आणि मी कुठल्याही जनावराचा पुढचा डावा खूर बरोबर मधोमध ठेवतो, सवय आहे. तू मधोमध शोधायला गेलीस आणि खुरात शिरलीस."

"पण हा खूरच कशावरून, काका?"

हाडवैद्यांनी त्या रेघेवर बोट ठेवलं. "खुराला चीर आहे. ती आतून अशी दिसते."

चिमणीच्या भुवया वर गेल्या. "मी खुराला चीर दिलेली नाही."

वहिनींना यातली गंमत तेव्हा कळली नाही. पुढे दादांनी सांगितलं तेव्हा कळली. घडवणाऱ्याने घडवलेल्या अंगाला सांगाडा घालणाऱ्याने विचारल्याशिवाय हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून आमटीत मीठ टाकणं.

"मी दिली," हाडवैद्य म्हणाले. "खूर फार गुळगुळीत होता. ओझं वाहणारं गाढव आहे ते. चालताना खरं वाटेना."

"मला न सांगता?"

"सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"नाहीच म्हणाले असते. माझ्या खुराला हात लावलात, काका. किती दिवस झाले?"

"झाले थोडे."

"आणखी कुठे काय केलंयत?"

हाडवैद्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "शेपटी जरा बारीक केली."

"शेपटी."

"पोरी, आधी त्या खुरातून बाहेर ये," सासूबाई म्हणाल्या. "भांडण पळून जात नाही."

चिमणी रागारागात कळा बडवत बसली. शंभराने भागलं. करडं आभाळ एकदम आक्रसलं, त्याची भिंत झाली, भिंतीचा पाय झाला, आणि बघता बघता स्क्रीनच्या मधोमध एक केविलवाणं, ओझं घेऊन दमलेलं गाढव उभं राहिलं, चारही पायांवर. कातडी अंगावर होती. चिमणीने कळ दाबली. मागचा डावा, पुढचा डावा. मागचा उजवा, पुढचा उजवा. मान खाली, मान वर. पुढचा डावा खूर टेकताना क्षणभर बिचकत होता, चिरेवर भार पडू नये म्हणून.

बघता बघता चिमणीचा राग कमी झाला. पुरता गेला नाही, पण कमी झाला.

"शेपटी मी पुन्हा जाड करणार आहे," ती म्हणाली. "चीर राहू दे."

"हे आपल्या याच्यासारखंच चालतंय," सासूबाई लेकाकडे बोट करून म्हणाल्या. "सकाळी फरशीवर चाललं होतं तसंच."

मग सिनेमावाल्यांचा फोन आला. दादांनी गॅलरीतल्या कपड्यांच्या दोरीखाली उभं राहून, डोक्यावर ओला टॉवेल टेकलेला असताना, मोठ्या कंपनीच्या मालकासारख्या आवाजात सांगितलं की सर्व बाजूंनी विचार करून आमचं धाकट्यावर ठरलेलं आहे. चिमणी वाटाणे खात होती, सोललेले, परातीतूनच. वहिनींनी तिला अडवलं नाही.

हाडवैद्य धाकट्यासमोरच्या खुर्चीत जाऊन बसले होते. त्यांनी गाढव फिरवून बघायला अंगठा दाबला. गाढव फिरलं नाही. धाकट्यात ते माउसच्या मधल्या चाकाने फिरतं. त्यांनी अंगठा उचलला. पुन्हा दाबला गेला. वहिनी मागे उभ्या राहून तो अंगठा बघत होत्या. शेगडीच्या दिवसांत, काय हवंय असं कुणी त्यांना विचारलं असतं, तर काय सांगायचं हे त्यांचं ठरलेलं होतं. पण कुणी विचारलं नव्हतं.

दादा टॉवेल खांद्यावर घेऊनच आत आले. "झालं. पुढच्या आठवड्यात नवी पोरं येतील. वैद्यबुवा, आज तुम्ही गप्प बसला असतात तर..." त्यांनी वाक्य अर्धवट सोडलं, मग जरा ओशाळून खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला. "काय हवं ते मागा. मोठा स्क्रीन? नवी खुर्ची? पोरांच्या वरची केबिन?"

"वर्गात बसवणार का?" हाडवैद्यांनी विचारलं.

"कुणाला?"

"मला."

"तुम्हाला कोण बसवतंय? त्या पोरांना तुमच्यासमोर बसवायचंय, चालणं शिकायला."

हाडवैद्यांनी मान डोलावली. बराच वेळ अंगठ्याकडे बघितलं. मग चिमणीकडे वळले, कारण हे काम दादांच्या हातचं नव्हतं.

"चिमणे, ह्याच्या सेटिंगमध्ये कळा बदलता येतात ना?"

"येतात."

"बाकीच्या सगळ्या नव्या शिकतो. फिरवायची कळ तेवढी माझी जुनी राहू दे."